हुशार मुलाला पुढचे गणित केव्हा सुरू करावे? खेड्यातील पालक आणि शिक्षकांसाठी

विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून, जून संपता संपता उघडतात. त्या पहिल्या आठवड्यात कोणीतरी पालक शाळेच्या व्हरांड्यात थांबून मला हमखास विचारतात की, पोरगा गणितात हुशार आहे, वर्गात त्याला काही नवे वाटत नाही, तर त्याला वरच्या वर्गाचे गणित सुरू करून द्यावे काय? जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत गणित शिकवताना सुरुवातीची बरीच वर्षे मी या प्रश्नाला उभ्या उभ्या ‘हो’ म्हणत असे. आता मी तसे म्हणत नाही. त्याऐवजी दिवाळीपर्यंत काय पाहायचे, काय विचारायचे आणि कशाची डागडुजी करायची हे एका कागदावर लिहून देतो. तो कागद थोडा विस्ताराने येथे मांडत आहे.

आधी ‘पुढचे’ म्हणजे काय ते ठरवावे

पालक ‘पुढचे गणित’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात : वरच्या इयत्तेचे पुस्तक आताच हाती देणे, याच इयत्तेतील गणित अधिक खोलात जाऊन करणे, किंवा नवोदय, शिष्यवृत्ती यांसारख्या परीक्षेची तयारी करणे. तिन्हींची वेळ आणि पूर्वतयारी वेगळी असते, आणि एकीसाठी तयार असलेले मूल दुसरीसाठी तयार असतेच असे नाही.

काही देशांत हा प्रश्न शाळाच सोडवतात, किंवा आणखी गुंतवून ठेवतात. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात २०१४ मध्ये आठवीतील बीजगणित काढून ते सर्वांसाठी नववीत नेले गेले, आणि त्यावरचा वाद दहा वर्षे चालल्यावर २०२४ मध्ये ते पुन्हा आठवीत आणण्याचा निर्णय झाला. आपल्याकडे असा पर्यायच नाही. आतापर्यंत चालत आलेल्या बालभारतीच्या पुस्तकांत समीकरणांची ओळख सहावीत होते, बैजिक राशी सातवीत येतात, आणि नववीपासून बीजगणित व भूमिती असे गणिताचे दोन भाग होतात. वर्गातील सर्वांना तेच पुस्तक आणि तोच वेग असतो. मुलाला एक इयत्ता ओलांडून वर बसवण्याचा मार्ग खेड्यातील शाळेत सहसा नसतो, आणि असला तरी तो घ्यावा असे मला वाटत नाही, कारण अकरा वर्षांचे मूल तेरा वर्षांच्या मुलांत गणितापुरते टिकते, पण मधल्या सुटीत एकटे पडते. तेव्हा आपला निर्णय शाळेच्या वर्गाला समांतर असे काही सुरू करण्याचा आहे, आणि ते कोण, केव्हा आणि किती दिवस चालवणार हाही त्याच निर्णयाचा भाग आहे.

पहिली पायरी : महिनाभर एक वही ठेवावी

जुलैच्या सुरुवातीला चाळीस पानांची एक वही घ्यावी आणि मूल गणितासंबंधी जे स्वतःहून बोलते किंवा करते ते तारखेसह टिपावे. गुण टिपू नयेत, ते शाळेकडे आहेतच. पाढे किती पाठ आहेत आणि बेरीज किती सेकंदांत होते यालाही या वहीत जागा देऊ नये. वेग उपयोगाचा असतो, परंतु तो तयारीचे लक्षण नव्हे. आमच्या गावातील कित्येक आजोबांना पावकी, निमकी आणि दीडकी हे अपूर्णांकांचे जुने पाढे आजही घडाघडा येतात, आणि त्यांतील कोणीही त्या बळावर बीजगणिताकडे वळले नव्हते.

टिपायचे ते असे : उत्तर आल्यावर मूल ‘हे नेहमीच असे होते काय’ असे विचारते काय, शिकवलेल्या रीतीऐवजी स्वतःची रीत वापरते काय, आणि काल न सुटलेले उदाहरण आज आपण होऊन पुन्हा काढते काय. या तिसऱ्या गोष्टीला मी सर्वाधिक महत्त्व देतो. कापसाच्या काट्यावर, वेचणीची मजुरी वाटताना, एसटीचे अर्धे तिकीट काढताना मुलाने काढलेले प्रश्नही वहीत यावेत, कारण घरच्यांना शाळेपेक्षा हे प्रसंग अधिक दिसतात.

एक नोंद येथे जशीच्या तशी देतो. सहावीच्या वर्गात मी विचारले होते की ५ बायांना एका शेताच्या निंदणाला १२ दिवस लागतात, तर ८ बायांना किती दिवस लागतील. काही मुलांनी सरळ गुणोत्तर लावून १९.२ दिवस काढले, म्हणजे बाया वाढल्या आणि दिवसही वाढले, आणि त्यात त्यांना काही खटकले नाही. चार-पाच मुलांनी साडेसात असे बरोबर उत्तर दिले. एका मुलीने साडेसात लिहिले, ते खोडले आणि उभी राहून म्हणाली, “सर, अर्ध्या दिवसाले कोनी येत नाही. सात दिवस आठ बाया, अन् आठव्या दिवशी चारच बोलवा लागतीन.” एकूण काम ६० मजूरदिवसांचे, सात दिवसांत ५६ झाले, उरले चार. व्यस्त प्रमाण हा शब्द तिला ठाऊक नव्हता, परंतु राशी तिच्या डोळ्यांसमोर उभी होती. चाचणीत तिचे गुण वर्गात पाचवे होते, आणि तोपर्यंत मी तिला या दृष्टीने पाहिलेच नव्हते.

दुसरी पायरी : वरच्या वर्गाची चाचणी

दहा किलोपर्यंतच मोजणाऱ्या काट्यावर दहा किलोचा आणि पंचवीस किलोचा असे दोन्ही गाठोडे सारखेच दिसतात. स्वतःच्या इयत्तेच्या प्रश्नपत्रिकेत ५० पैकी ४८ मिळवणाऱ्या मुलाबाबत तसेच होते, कारण त्याची मर्यादा कोठे आहे हे ती पत्रिका दाखवू शकत नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ मध्ये गणितातील अतिशय तरबेज मुलांचा दीर्घ अभ्यास सुरू केला, तेव्हा त्यांनी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना महाविद्यालयीन प्रवेशासाठीची परीक्षा दिली होती. कल्पना साधी आहे, आणि ती आपल्याकडे बालभारतीच्या पुस्तकांनिशी राबवता येते. ही पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात.

प्रथम स्वतःच्या इयत्तेतील शिकवून झालेल्या प्रकरणांच्या सरावसंचांतून २० मिश्र प्रश्न काढावेत. त्यांतील १८ बरोबर आले नाहीत, तर येथेच थांबून आधी याच इयत्तेवर काम करावे. आले, तर आठवडाभराने पुढच्या इयत्तेतील २० प्रश्न द्यावेत. त्या प्रकरणातील सोडवून दाखवलेली उदाहरणे मुलाला वाचू द्यावीत, वेळेचे बंधन घालू नये आणि शेजारी बसून इशारे देऊ नयेत. न शिकवता केवळ वाचून ११-१२ प्रश्न सुटले, तर मूल पुढचे पुस्तक पेलू शकते असे मी धरतो. हे आकडे माझ्या अनुभवातून आलेले आहेत, कोणत्या नियमातून नव्हे.

लेखी चाचणीनंतर तोंडी चाचणी घ्यावी, आणि प्रत्येक उत्तरावर ‘कशावरून’ असे विचारावे. माझे नेहमीचे प्रश्न असे असतात. ३/४ मोठा की ५/७, आणि छेद सारखे न करता ते सांगता येईल काय? (एक मूल म्हणाले होते की पहिल्यात पूर्णाला १/४ कमी आहे, दुसऱ्यात २/७ कमी आहे, आणि २/७ हे २/८ पेक्षा जास्त, म्हणून दुसरा लहान.) दोन विषम संख्यांची बेरीज नेहमी सम येते काय, आणि लाखांच्या घरातही येईल हे बेरीज न करता कसे कळले? कापसाचा भाव क्विंटलला ७००० रुपये धरला, तो आधी १० टक्क्यांनी चढला आणि मग १० टक्क्यांनी पडला, तर पुन्हा ७००० होईल काय? येथे ६९३० हे उत्तर येणे पुरेसे नाही. सत्तर रुपये कोठे गेले हे मुलाला आपल्या शब्दांत सांगता आले पाहिजे.

तिसरी पायरी : खालची जमीन तपासावी

येथे माझी स्वतःची चूक सांगणे आवश्यक आहे. काही वर्षांपूर्वी सहावीतील एका मुलाचा उरक पाहून मी त्याला सातवीच्या बैजिक राशी आणि लगेच आठवीची एकचल समीकरणे दिली. तीन महिन्यांत त्याने दोन्ही पुस्तकांतील ती प्रकरणे संपवली, आणि मी शिक्षक परिषदेत त्याचे कौतुकही केले. मग एके दिवशी क्ष/३ + क्ष/४ = ७ हे समीकरण आले आणि त्याने दुसरी ओळ लिहिली : २क्ष/७ = ७. अंशांत अंश मिळवले, छेदांत छेद मिळवले. उत्तर १२ आहे, हे नुसते ताडूनही दिसते. चिन्ह बदलून पद पलीकडे नेण्याची रीत त्याच्या हातात पक्की होती, परंतु अपूर्णांकांची बेरीज मुळात समजलेली नव्हती, आणि सहावीच्या पेपरात ती चूक झाकून राहिली होती. मागे येऊन ती दुरुस्त करायला पूर्ण वर्ष गेले. त्याहून वाईट असे की, ‘पुढे गेलेला’ मुलगा मागे आला हे त्याला लागले, आणि तो वही दाखवायला टाळू लागला.

म्हणून पुढचे पुस्तक उघडण्यापूर्वी चार गोष्टी पक्क्या आहेत याची खात्री करावी : अपूर्णांकांवरील चारही क्रिया, ऋण संख्यांची वजाबाकी, गुणोत्तर व प्रमाण, आणि कंसाबाहेरील संख्येने कंसातील प्रत्येक पदाला गुणणे. पहिल्या गोष्टीवर सर्वाधिक वेळ द्यावा, आणि त्यासाठी शेतकऱ्याच्या घरात एक उत्तम साधन आधीपासून आहे. एक एकर म्हणजे ४० गुंठे. ३/८ एकरात तूर आणि २/५ एकरात भाजीपाला असेल, तर एकूण किती? तूर १५ गुंठे, भाजीपाला १६ गुंठे, मिळून ३१ गुंठे, म्हणजे ३१/४० एकर. समान छेद ४० का घ्यायचा हे मुलाला गुंठ्यांत दिसते, आणि अंशात अंश, छेदात छेद मिळवून येणारे ५/१३ एकर म्हणजे जेमतेम साडेपंधरा गुंठे भरतात, तूर एकटीच जवळपास तेवढी आहे, हेही त्याचे त्यालाच खटकते. यानंतर १/३ एकराचे गुंठे काढायला सांगावेत. तेथे चाळीस पुरत नाहीत आणि नवा छेद शोधावा लागतो.

ऋण संख्यांसाठी उधारीचा हिशेब चालतो. कंसाच्या नियमासाठी आयताकृती वावर मधोमध धुरा (बांध) टाकून दोन भागांत वाटावे आणि क्षेत्रफळ दोन्ही प्रकारे काढावे, एवढे पुरते.

चौथी पायरी : इयत्ता पाहून वेळ ठरवावी

चौथीपर्यंत पुढच्या वर्गाचे पुस्तक देण्याची घाई मुळीच करू नये. कोडी, मोजमाप आणि बाजारहाट यांत त्या वयाला भरपूर गणित मिळते.

पाचवीचे वर्ष नवोदयच्या प्रवेश परीक्षेने व्यापलेले असते, आणि ग्रामीण मुलांसाठी किमान ७५ टक्के जागा असल्यामुळे ते योग्यही आहे. आजवरच्या रचनेत या परीक्षेत दोन तासांत १०० गुणांचे ८० प्रश्न असतात. त्यांपैकी बुद्धिमत्तेचे ४० प्रश्न ५० गुणांना, तर अंकगणिताचे २० प्रश्न २५ गुणांना असतात. ही परीक्षा एकदाच देता येते. तिचे अंकगणित पाचवीच्या आवाक्यातील असते, त्यामुळे या वर्षी समीकरणे शिकवल्याने तेथे काही लाभ होत नाही, उलट अपूर्णांक, दशांश, लसावि-मसावि आणि शेकडेवारी जितकी घट्ट तितके चांगले. राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा पूर्वी चौथी-सातवीला होती, पुढे ती पाचवी-आठवीला नेली गेली, आणि या इयत्तांबाबत निर्णय बदलत आलेले असल्याने चालू वर्षाचे परिपत्रक मुख्याध्यापकांकडे पाहूनच आखणी करावी.

माझ्या मते बहुतेक तरबेज मुलांसाठी योग्य वेळ सहावीचे दुसरे सत्र ते सातवीचे पहिले सत्र अशी असते. या काळात परीक्षांचा ताण कमी असतो, अपूर्णांकांवरील क्रिया नुकत्याच झालेल्या असतात, आणि समीकरणांची ओळख वर्गात झाल्यामुळे समांतर अभ्यासाला शाळेचा आधार मिळतो. तसेच अनेक गावांत जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच असल्याने ओळखीचे शिक्षक आणखी दीड वर्ष हाताशी असतात. आठवीत सगळेच बदलते : तालुक्याच्या गावची शाळा, एसटीचे वेळापत्रक, आणि अनेक ठिकाणी सेमी-इंग्रजी. नव्या शाळेच्या पहिल्या सत्रात काहीही वेगळे सुरू करू नये.

आठवीत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेतील आणि पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असलेल्या मुलांसाठी एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा असते. तीत निवड झाल्यास नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात, आणि पुढच्या अभ्यासाचा खर्च त्यातून बराचसा भागतो. दुसरी म्हणजे गणित ऑलिम्पियाडची पहिली पायरी, आयओक्यूएम, जिला आठवीपासून बसता येते. तिचे प्रश्न पुढच्या इयत्तेचे नसून खोल विचाराचे असतात, त्यामुळे नववीचे पुस्तक संपवलेले मूलही तेथे अडखळू शकते. पहिल्या वर्षी तिच्याकडे केवळ अनुभव म्हणून पाहावे.

पाचवी पायरी : सोबत कोण बसणार?

या प्रश्नाचे नाव-गाव असलेले उत्तर मिळत नसेल, तर बाकी सर्व अनुकूल असले तरी सुरुवात पुढे ढकलावी. पुढच्या वर्गाचे गणित एकट्याने करणारे मूल रीती उचलते, परंतु चुकीची समजूत कोणी पकडून देत नाही, आणि माझ्या त्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तर मी रोज शाळेत असूनही ती निसटली होती. आठवड्यातून दोनदा अर्धा तास वही वाचून ‘कशावरून’ विचारणारी एक व्यक्ती पुरेशी असते. शाळेतील गणिताचे शिक्षक, माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले गावातील गुरुजी, किंवा तालुक्याला अकरावी-बारावी विज्ञान शिकणारी नात्यातील ताई, यांपैकी कोणीही चालेल. दीक्षा ॲपवरील धडे समजावून सांगतात, चूक मात्र पकडत नाहीत. तालुक्याच्या क्लासची भरमसाट फी भरण्यापूर्वी तेथे एका तुकडीत किती मुले आहेत आणि वही कोण तपासते एवढे विचारून यावे.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी लिहितो, कारण ती वारंवार पाहिली आहे. मुलाच्या अभ्यासासाठी संध्याकाळ राखून ठेवली जाते, मुलीच्या वाट्याला चूल, भांडी आणि धाकट्या भावंडांनंतर उरेल ती वेळ येते. समांतर अभ्यास सुरू करायचा असेल, तर आठवड्यातील तीन दिवस कोणते काम कोण करणार हे आईबाबांनी आधी ठरवावे. आठवीला शाळा लांब पडते म्हणून मुलीचा विचार आवरता घेऊ नये. एसटीचा मोफत पास तिला मिळतो.

शाळेशी बोलताना

वर्गशिक्षकांकडे जाताना ‘याला वर्गात काही शिकायला मिळत नाही’ अशी सुरुवात करू नये, त्याने संवाद तेथेच संपतो. महिनाभराची वही आणि चाचणीचे कागद दाखवावेत आणि नेमकी एक मागणी करावी : वर्गाचे काम पूर्ण करून दाखवल्यानंतर उरलेल्या वेळात त्याला स्वतःचे उदाहरण सोडवू द्यावे. हुशार मुलाला रोज इतरांच्या वह्या तपासायला बसवण्याची पद्धत मात्र नम्रपणे नाकारावी. अधूनमधून दुसऱ्याला समजावणे चांगले असते, पण ते त्याचे रोजचे काम होऊ नये.

पुढे सेमी-इंग्रजी घ्यायचे असल्यास वहीच्या शेवटी दोन स्तंभ आखून छेद–डिनॉमिनेटर, चल–व्हेरिएबल, अवयव–फॅक्टर अशा जोड्या आतापासून लिहीत जाव्यात. कल्पना मात्र घरच्या भाषेतच पक्की करावी.

सहावी पायरी : सहा आठवडे करून पाहावे

जुलै-ऑगस्टमध्ये निरीक्षण आणि चाचणी, पोळ्यापासून दिवाळीपर्यंत कच्च्या भागांची दुरुस्ती, आणि प्रत्यक्ष सुरुवात मकरसंक्रांतीनंतर, असा क्रम आमच्या भागाला मानवतो. दिवाळीनंतरचे दोन महिने पश्चिम विदर्भात कापसाच्या वेचणीत आणि पूर्वेकडे धानाच्या कामांत जातात, आणि घरातील सर्वजण थकलेले असताना नवी शिस्त लागत नाही. संक्रांतीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत आठवड्यातून तीन संध्याकाळी चाळीस-चाळीस मिनिटे द्यावीत. एकच प्रकरण घ्यावे, सहावीच्या मुलासाठी सातवीच्या बैजिक राशी चांगल्या. दर आठवड्याला एक उदाहरण असे असावे जे त्या दिवशी सुटणार नाही.

सहा आठवड्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात. न सुटणाऱ्या उदाहरणांपैकी निम्म्यांकडे तरी मूल स्वतःहून परतले काय? प्रकरणातील कोणतेही पाच प्रश्न ते कारणांसह समजावू शकते काय? आणि या काळात खेळणे, झोप आणि इतर विषय जागेवर राहिले काय? तिन्हींना ‘हो’ असेल, तर उन्हाळ्याच्या लांब सुटीत सकाळी दहाच्या आत, ऊन तापण्यापूर्वी, पुढचे प्रकरण घ्यावे. पहिल्या दोनांपैकी एक कच्चे असेल, तर प्रकरण न बदलता आणखी महिनाभर द्यावा. मूल वही लपवू लागले, पोट दुखते म्हणू लागले, किंवा उत्तर आधी शेवटच्या पानावर पाहू लागले, तर त्याच आठवड्यात थांबवावे.

थांबवताना ‘तुला झेपत नाही’ असे म्हणू नये आणि पुस्तक गुपचूप काढूनही घेऊ नये. त्या जागी आडवे जाणारे काही द्यावे, ज्याला इयत्ताच नसते. नाशिकजवळील देवळाली येथे शाळामास्तर असलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी शोधलेली एक क्रिया मी अशा वेळी देतो. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहून मोठीतून लहान वजा करावी, आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करावे. ३५२४ घेतले तर ५४३२ – २३४५ = ३०८७, मग ८७३० – ०३७८ = ८३५२, मग ८५३२ – २३५८ = ६१७४. पुढे ६१७४ च येत राहते, आणि दुसऱ्या संख्येपासून निघाले तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तेथेच पोहोचते. मुलाला आपल्या आवडीच्या दहा संख्यांवर हे करू द्यावे. तीन अंकी संख्यांचे काय होते, हे त्याने स्वतः विचारेपर्यंत सांगू नये.